वाळवी आणि मूल्यांकन

सासूबाईंच्या पाटल्या मोडून आम्हीं धाकट्या भावजींसाठीं पुण्यांत जुनें घर घेतलें. बँकेच्या मूल्यमापकाची फी आम्हींच भरली. त्यांनीं अर्ध्या तासांत ‘स्थिति समाधानकारक’ असा शेरा मारला. पहिल्याच पावसाळ्यांत माडीची तुळई खचली. आंत वाळवी, वरून ताजा रंग! मामंजी जाब विचारावयास गेले, तेव्हां गृहस्थ शांतपणें म्हणाले, “माझा अहवाल बँकेसाठीं.”

हें उत्तर सर्वस्वी खोटें नव्हे, म्हणूनच अधिक बोंचतें. इंग्लंडांत नॉरिच येथें एका सर्व्हेयरनें धुराड्याचा खालचा भाग काढलेला पाहिला, पण वरचा भाग कशावर टेकला आहे हें पाहिलें नाहीं. दीड वर्षांनीं विटा निजावयाच्या खोलींत कोसळल्या. 1989 मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें सर्व्हेयरलाच जबाबदार धरलें. फी खरेदीदार बाईची होती आणि ती अहवालावर विसंबणार हें त्यास ठाऊक होतें.

आम्हीं मग विकणाऱ्याकडे वळलों. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, याच्या कलम 55 नें दोष सांगणें त्याच्यावर बंधनकारक आहे. पण सामान्य दक्षतेनें न कळणाऱ्या दोषांपुरतेंच. तुळईंत सुरी टोंचून पाहणें ही सामान्य दक्षता काय, यावर वकील अजून भांडत आहेत. सासूबाई मात्र हल्लीं कोणाच्याहि वास्तुशांतीस गेल्या कीं खांब ठोकून पाहतात.