मोजपट्टी आईच्या गुडघ्यांची

यंदा गणपती उठले आणि आमच्या घरात मोटारीचा विषय बसला. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने ‘घ्यावी’ आणि ‘घेऊ नये’ या विध्यर्थातच आयुष्य काढावे, अशी जगाची रीत आहे. पण अकरावीतल्या आमच्या चिरंजिवांना ती मान्य नव्हती. त्यांनी एक तक्ता केला. अश्वशक्ती, लिटरमागे किलोमीटर, तळाची जमिनीपासून उंची, सामानाची जागा असे अकरा रकाने आणि सात गाड्या! आमच्या सौभाग्यवतींनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “यात आजीचा रकाना कुठे आहे?”

आईला शहात्तरावे चालू आहे. गुडघ्यांनी असहकार पुकारला त्याला दोन वर्षे झाली. तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, उरणला असते. पूर्वी आई महिन्यातून एकदा नेरूळहून तिच्याकडे जाऊन येई. २०२४ च्या जानेवारीत रेल्वेसुद्धा उरणला पोहोचली, पण आई काही पोहोचली नाही. “आता मला कुठे जायचंय?” एवढे बोलून ती विषय मिटवी. मग संध्याकाळी दोघी बहिणी फोनवर एकमेकींना “ये ना गं” म्हणत बसत. मावशीची नजरही आता अधू झाली आहे. तिचे येणे तर त्याहून अवघड.

तेव्हा ठरले, एक रविवार काढायचा, आईला नव्या मुंबईतल्या जमतील तेवढ्या वाहनांत बसवायचे आणि मगच काय ते ठरवायचे. चिरंजिवांनी शिवणाच्या डब्यातली टेप खिशात घातली.

पहिला मान रिक्षेचा. आता रिक्षेला आरामशीर वाहन कोण म्हणेल? मोटारीची मागची चाके पुढच्या चाकांच्याच वाटेने जातात. रिक्षेची तीन चाके तीन वाटांनी चालतात. एक खड्डा चुकवावा तर दुसरा सापडतोच. पण आई पाठमोरी झाली, तिने दांडी धरली, सीटवर टेकली आणि मग एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. तळ जमिनीपासून जेमतेम फूटभर, दार मुळीच नाही आणि धरायला दांडी! रिक्षेच्या या गुणांकडे माझे लक्ष आजवर कधी गेलेच नव्हते.

नेरूळ स्टेशनात तिने कठडा धरून सावकाश पायऱ्या पार केल्या. लोकलचे दार मुळी गर्दीसाठी केलेले: चांगले रुंद आणि मध्ये खांब. रविवारी सकाळी गर्दी नसली की तेच दार म्हाताऱ्या माणसाच्या कामी येते. आई खांबाला धरून आत गेली. सीवूड्स-दारावे गेले, बेलापूर आले. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि कोळ्या-आगऱ्यांची गावे होती. वाशीपर्यंत रेल्वे यायलाच १९९२ साल उजाडले. आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा आई सेक्टरांचे आकडे विसरायची आणि पारसिकच्या डोंगराकडे बघून दिशा ठरवायची. त्या दिवशीही तिने आधी डोंगर कुठे आहे ते पाहिले.

बेलापूरला आम्ही मेट्रोत बसलो. ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, अकरा किलोमीटर आणि अकरा स्थानके. फलाट आणि डब्याचा तळ जवळजवळ एका पातळीत. स्वयंपाकघरातून माजघरात यावे तशी आई आत आली. धक्का नाही, खडखडाट नाही. खारघरचे डोंगर खिडकीतून सरकू लागले.

“ही उरणला जाते का रे?” तिने विचारले.

“नाही, आई.”

“मग काय उपयोग!” सर्व वाहनांत गुणी ठरलेल्या वाहनाचा असा निकाल लागला.

सेंट्रल पार्कला उतरून डबा खाल्ला आणि परतताना बस धरली. ती कुणाची होती ते राहू द्या. तीन उंच पायऱ्या होत्या. आपल्याकडे वर्षानुवर्षे बसचा सांगाडा मालट्रकच्या चासीवर चढवीत आले. खाली चासी आणि मोठी चाके, म्हणून तळ उंच आणि म्हणून पायऱ्या. इंजिन मागे नेऊन तळ सुमारे चाळीस सेंटिमीटरवर आणलेल्या बसगाड्याही आहेत. आमच्या नशिबी त्या दिवशी ती आली नाही. मी वरून ओढले, कंडक्टरने खालून आधार दिला आणि आई वर आली. लोकांनी तत्परतेने जागा दिली. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही.

रात्री मी पाय चेपायला बसलो तेव्हा म्हणाली, “अरे, गुडघा दुखतो त्याचं काही नाही. पण तुम्ही मला उचलून ठेवता ना, तेव्हा मी सामान होते.”

दोन वर्षे “कुठे जायचंय?” म्हणत होती, त्याचा अर्थ मला, मराठीच्या प्राध्यापकाला, तेव्हा लागला.

दुसऱ्या दिवशी तक्त्यात बारावा रकाना आला: सीटची जमिनीपासून उंची. आईचा पलंग पंचावन्न सेंटिमीटर उंच. त्यावरून ती आपली आपण उठते. आता टेप घेऊन दुकाने पालथी घालणे आले. लांबट, देखण्या गाडीची सीट पन्नासच्याही खाली. वारा कापावा, वळणावर गाडी कलू नये म्हणून ती ठेंगणी करतात. पण आईला त्यात उतरणे म्हणजे विहिरीत उतरणे. चिरंजिवांच्या पहिल्या पसंतीची दणकट गाडी पंचाहत्तरावर! खड्ड्यांना ती भीत नाही, पण तिच्यात बसायचे म्हणजे माळ्यावर चढायचे.

आईला जुनी अ‍ॅम्बॅसडर आठवली. १९५८ पासून २०१४ पर्यंत निघालेली ती गाडी मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घाटाची. वेग बेताचा, गिअर दांडगा. पण छत उंच आणि सीट दिवाणखान्यातल्या कोचासारखी. “तुझ्या मुंजीला आजीला तिच्यातूनच आणलं होतं,” आई म्हणाली, “नऊवारी सावरत आपली आपण उतरल्या.”

शेवटी एक आखूड, पण उभट बांध्याची गाडी मिळाली. सीट साठ सेंटिमीटरवर, दार जवळजवळ काटकोनात उघडणारे. इंजिन लहान, घाटात ती कुणाला मागे टाकील असे वाटत नाही. चिरंजिवांचा चेहरा उतरला. आई दाराशी पाठमोरी झाली, टेकली, एकेक पाय आत घेतला आणि म्हणाली, “रिक्षेसारखीच आहे की!” विक्रेत्याला ही स्तुती कळली नाही, पण सौदा तिथेच झाला.

दसऱ्याला गाडी घरी आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही उरणला निघालो. मी सवयीने आईला धरायला पुढे झालो.

“हात काढ,” ती म्हणाली. मग बसली, पदर आत ओढला, दार स्वतः लावले आणि काचेतून मला खूण केली. “आता तू बस. तिकडे ती वाट बघतेय.”