कडेकडेने

आम्ही सायकल शिकलो पुण्यात. मागून कॅरियर धरून धावणाऱ्या वडिलांनी एकच मंत्र दिला होता: “कडेकडेने चालव.” पुढे कॅलिफोर्नियात आल्यावर डावी कड सुटली, उजवी धरली, मंत्र मात्र तोच राहिला. आणि एके सकाळी त्यानेच आमचा जीव घेण्याची वेळ आणली.

चौकात लाल दिवा लागला होता. उजवीकडे वळण्याची खूण देत एक मालट्रक उभा होता. त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून आम्ही सवयीने पुढे सरकलो व त्याच्या दाराशी पाय टेकून थांबलो. तेथे बहुतेक चौकांत, पूर्ण थांबून, लाल दिव्यावरही उजवीकडे वळता येते. अशा वेळी चालकाची नजर डावीकडून येणाऱ्या वाहनांवर खिळलेली असते. उजव्या कुशीत कोण उभे आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. ट्रक वळू लागला. लांब वाहनाची मागली चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपरा कापीत आत येतात, हे ज्ञान आम्हांला त्या क्षणी झाले. सायकल टाकून आम्ही फुटपाथवर उडी घेतली. तिचे मागचे चाक चिरडले गेले. खाली उतरलेल्या चालकाचे हात आमच्यापेक्षा अधिक थरथरत होते.

मग आम्ही कायदा वाचला. सायकलचा पट्टा असलेल्या रस्त्यावर, वळणाऱ्या मोटारीने आधी त्या पट्ट्यात शिरावे आणि मगच वळावे, असे कॅलिफोर्निया सांगते. म्हणून चौकाच्या अलीकडे पट्ट्याची रेघ तुटक होते. सायकलस्वाराने अशा मोटारीच्या मागे थांबावे, वा डावीकडून पुढे जावे. शेजारच्या ओरेगनमध्ये नेमके उलट: मोटारीने पट्ट्याबाहेर राहून सायकलस्वाराला आधी जाऊ द्यावे. तरीही तेथील पोर्टलंड शहरात ऑक्टोबर २००७ मध्ये उजवीकडे वळणाऱ्या ट्रकखाली सापडून दोन सायकलस्वार दगावले. २००८ मध्ये काही चौकांत मोटारींच्या पुढे सायकलींसाठी हिरव्या चौकटी आखल्या गेल्या, त्या सायकलस्वार चालकाच्या नजरेसमोर राहावा म्हणूनच.

आता चौक जवळ आला, की आम्ही मागे वळून पाहतो, हात दाखवतो आणि मोटारींच्या रांगेत, पुढच्या मोटारीच्या मागे मधोमध उभे राहतो. तिच्या आरशात चालकाचा चेहरा दिसला, की आम्हीही त्याला दिसत असू, एवढा हिशेब. मागून भोंगा वाजतो, तेव्हा अजूनही ओशाळल्यासारखे होते. वाट अडवू नये, हा संस्कार जुना आहे.

वडिलांना फोनवर सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चौकात मधे उभा राहा. पण चौक ओलांडलास की हो कडेला.”