बांगड्यांच्या वर, चार बोटं

छातीचा पट्टा मी सतरा दिवस वापरला. अठराव्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्यावरून उतरून घरी आले आणि आंघोळीला गेले, तर पाणी अंगाला लागताच चरचरलं. पट्ट्याखालची कातडी लाल झाली होती आणि छातीच्या खाली घामोळ्यांची बोटभर रुंद रेघ उठली होती. एप्रिल महिना होता. आतल्या कपड्याचं इलॅस्टिक, त्याच्याच खाली या पट्ट्याचं दुसरं इलॅस्टिक, आणि वरून घाम. पट्टा लावण्याआधी त्याची आतली बाजू पाण्याने ओली करावी लागते, नाहीतर तो हृदयाच्या ठोक्यांचे विजेचे संकेत नीट पकडत नाही. पहाटे साडेपाचला गार ओला पट्टा छातीवर आवळायचा, या विचारानेच मी दोनदा चालायला जायचं टाळलं. ज्या साधनामुळे व्यायामच टळतो, ते कितीही अचूक असलं तरी माझ्या कामाचं नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी शाळेत शिकवते. वय बावन्न. मागच्या वर्षी रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं जोरात चाला, दम लागेल पण बोलता येईल इतपत. साताऱ्यात राहणाऱ्याला चढ शोधायला जावं लागत नाही. घरातून निघालं की पंधरा मिनिटांत किल्ल्याचा रस्ता सुरू होतो. दम लागेल पण बोलता येईल, एवढं सांगून माझं समाधान होईना. मला ठोक्यांचा आकडा हवा होता, म्हणून तो पट्टा. गणिताची बाई आहे.

मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिने छातीवरची रेघ पाहिली आणि पुढच्या खेपेला घड्याळ घेऊन आली. पट्टा नाही, नुसतं मनगटावर बांधायचं. उलटं करून पाहिलं तर मागे हिरवे दिवे लुकलुकत होते. रक्त हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. ठोक्यासरशी मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, ओसरलं की वाढतो. हे चढउतार घड्याळ मोजतं. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर, त्याच्याच घराण्यातली ही युक्ती. तिथे तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो, इथे हिरवा.

पहिली अडचण बांगड्यांची आली. माझ्या दोन्ही हातांत बांगड्या असतात आणि त्या मी काढत नाही. चालताना हात हलले की बांगड्या घड्याळावर आपटायच्या, ते सरकायचं, खाली फट पडायची, तिथून उजेड आत शिरायचा आणि आकडा सैरावैरा व्हायचा. घड्याळाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर बांधा. बांगड्या घालणाऱ्या बाईचा विचार पुस्तिकेत नव्हता. शेवटी मी चार बोटं वर, हाताचा मांसल भाग सुरू होतो तिथे बांधलं. रक्त थांबेल इतकं करकचून नाही, पण हलणार नाही इतपत घट्ट. खाली बांगड्या मोकळ्या. तेव्हापासून ते नीट चालू लागलं.

आईने हा सगळा खटाटोप पाहिला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हणाली, "अगं, नाडी बघायला घड्याळ कशाला? वैद्य तीन बोटं ठेवायचे." मग स्वतःच हात पुढे केला, "बघू माझी." तिच्या डाव्या हाताच्या आतल्या अंगाला तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, लहानपणी जत्रेत गोंदवलेलं. हाताची तीच बाजू मऊ आणि निबर न झालेली, म्हणून मी घड्याळ नेमकं तिथेच फिरवून बांधलं. आकडा येईना. नुसत्या दोन रेघा. घट्ट केलं, सैल केलं, पुसून पाहिलं. मग उजव्या हाताला बांधलं आणि लगेच बहात्तर आला. गोंदणाची शाई प्रकाश गिळते, त्यामुळे खालच्या रक्तापर्यंत तो नीट पोचत नाही. गोंदलेल्या हाताची नाडी मग तिने सांगितली तशी तीन बोटं ठेवून मोजली. पंधरा सेकंदांत अठरा ठोके, गुणिले चार. बहात्तरच.

मला खरा धक्का बसला तो जूनमध्ये. उतारावर पाय आपसूक धावतात म्हणून मी हलकेच पळत खाली येत होते. दम नव्हता, सोबतीणीशी बोलत होते. सहज पाहिलं तर १६४. माझ्या वयाला २२० वजा ५२, म्हणजे १६८ ही ढोबळ कमाल मर्यादा. मी जागच्या जागी थांबले. छाती धडधडू लागली, ती भीतीने. सोबतीणीने मला कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. त्या दिवशी मी शाळेत गेले नाही, डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, तो चांगला निघाला. मग त्यांनी एक प्रश्न विचारला: "पळताना मिनिटाला पावलं किती पडतात तुमची?"

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर मोजली. एकशे बासष्ट, एकशे पासष्ट. घड्याळाने पावलं मोजली होती आणि ठोके म्हणून दाखवली होती. पाऊल आपटलं की हातातलं रक्तही हिंदकळतं, आणि ते हिंदकळणं ठोक्यासारखंच एका लयीत असतं. घड्याळात हालचाल ओळखून वजा करण्याची सोय असते, पण दोन्ही लयी वेगळ्या ओळखता आल्या नाहीत की ते चुकीची लय धरून बसतं. यावर माझा उपाय एकच. आकडा आणि दम जुळत नसतील तर थांबायचं आणि गळ्याशी किंवा मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं. घाबरून तो दिवस वाया गेला याचं मला वाईट वाटतं, पण ईसीजी निघाला याचं नाही.

चढावर मात्र हे घड्याळ माझा विश्वास राखून आहे. पावलं संथ, श्वास जड, हात जवळजवळ स्थिर. तिथे बोटांनी मोजलेलं आणि घड्याळाचं यांत दोन-तीन ठोक्यांहून जास्त फरक पडत नाही. कार्व्होनेन या फिनलंडच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत आहे: कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे वजा करायचे, उरलेल्याचे साठ-सत्तर टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीचे ठोके परत मिळवायचे. माझे विश्रांतीचे ठोके तेव्हा ७६ होते, म्हणून हिशेब १३१ ते १४० असा आला. चढाच्या पहिल्या वळणावरच मी १५० ला जात होते. म्हणजे इतके महिने मी वेगाने चढून, धापा टाकत, दर वळणावर थांबत होते. आता १४० दिसले की पावलं आखडती घेते. किल्ल्याचा दरवाजा चढून आत हनुमानाच्या देवळापाशी पोचेपर्यंत एकदाही थांबावं लागत नाही.

हा हिशेब सगळ्यांना लागू नाही. आमच्या शाळेतले एक सर रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्यांनी माझे आकडे ऐकून तसंच घड्याळ घेतलं आणि चढावर ११० च्या पुढे आकडा जाईना म्हणून जोर लावत राहिले. त्या गोळीचं कामच ठोके वाढू न देणं. त्यांना चक्कर आल्यावर हे लक्षात आलं. मी त्यांना आधी सांगायला हवं होतं.

थंडीतही जपावं लागतं. डिसेंबरात पहाटे रक्तवाहिन्या आकसतात आणि पहिली दहा मिनिटं घड्याळ काहीबाही दाखवतं. मी घरातच थोडं चालून अंग ऊबदार करते आणि स्वेटरची बाही घड्याळावर ओढून घेते.

किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापाशी पोचले की बसून एक मिनिट आकडा उतरताना पाहते. सुरुवातीला १४२ वरून मिनिटात १२६ पर्यंत यायचा. आता ११२ पर्यंत येतो. विश्रांतीचे ठोके ६७ झाले आहेत. एकदा सकाळी अंथरुणातच ७९ दिसले, बरं तर वाटत होतं. दुपारी ताप भरला. तेव्हापासून असा आकडा दिसला की मी किल्ल्यावर जात नाही.

छातीचा पट्टा वाया गेला नाही. शेजारचा मुलगा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय, यवतेश्वरच्या घाटात जोरात पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. त्याच्या हातावरचं घड्याळ मागे पडायचं. पट्ट्यावर १७१ झाले तरी घड्याळ अजून १४० च्या आसपास रेंगाळायचं, आणि तो थांबल्यावर ते वर चढायचं. इतक्या झटक्यांत मनगटावरचा प्रकाश पुरा पडत नाही, तिथे पट्टाच हवा. मी त्याला तो देऊन टाकला. काल आला तेव्हा म्हणाला, "काकू, पट्टा लावायचा म्हणजे आधी ओला करायचा ना?" हो म्हटलं, आणि परत आलास की साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घाल.