डोळे तयार करण्याचा माझा नाद

डोळ्यांना व्यायाम दिला की मुलांची फटकेबाजी आपोआप सुधारते, असे मी बरीच वर्षे मानत आलो. नुसता मानत नव्हतो, तसे शिकवतही होतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मी क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. सॉफ्टबॉल-बेसबॉल म्हटले की आमच्याकडे पालक अजूनही विचारतात, ‘हा कोणता खेळ?’ पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हे दोन्ही खेळ आहेत. क्रिकेटच्या गर्दीत ज्यांना कोणी विचारत नाही अशा मुली इथे तालुका ओलांडून जिल्ह्यापर्यंत, कधी विभागापर्यंत जातात. त्यांना पुढे न्यायचे तर काहीतरी जास्तीचे द्यायला हवे, या ध्यासातून मी डोळ्यांच्या व्यायामाकडे वळलो. आता माझे मत बदलले आहे. मात्र ते पार उलटे झालेले नाही, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी माझी तेव्हाची बाजू. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून बॅटवाल्याजवळच्या होम प्लेटपर्यंत १८.४४ मीटर अंतर असते. ताशी १४५ किलोमीटरने येणारा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यातले ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यात जातात. मारायचा की सोडायचा, हे ठरवायला हातात उरतो पाव सेकंद. वरच्या दर्जाच्या महिला सॉफ्टबॉलमध्ये वेग कमी असला तरी अंतरही १३.११ मीटरच, त्यामुळे वेळेचा हिशेब फारसा बदलत नाही. एवढ्याशा वेळात सगळा खेळ डोळ्यांचाच, असे कुणालाही वाटेल.

त्याला अमेरिकेतल्या अभ्यासांचे बळ मिळाले. सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने २०११च्या हंगामाआधी डोळ्यांचे व्यायाम केले आणि संघाची बॅटिंगची सरासरी .२५१ वरून .२८५ वर गेली. त्याच काळात लीगमधल्या बाकी संघांची सरासरी घसरली होती. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड संघावरचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. खेळाडूंनी संगणकाच्या पडद्यावर अंधुक पट्ट्या ओळखण्याचा सराव केला, त्यांच्या नजरेची तीक्ष्णता सरासरी ३१ टक्क्यांनी वाढली आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होणे, ४.४ टक्क्यांनी घटले, असे त्यात म्हटले होते. हे वाचून मी हुरळून गेलो.

मग शाळेच्या व्हरांड्यात आमचा कारखाना सुरू झाला. खिडकीच्या गजाला दोरी बांधायची, तिच्यात तीन रंगांचे मणी ओवायचे आणि दुसरे टोक नाकाशी धरायचे. जवळच्या मण्याकडे पाहिले की एका दोरीऐवजी दोन दोऱ्या दिसतात आणि त्या बरोबर त्या मण्यावर एकमेकींना छेदतात. नजर पुढच्या मण्यावर नेली की छेदही पुढे सरकतो. दोन्ही डोळे जोडीने काम करतात की नाही, हे त्यावरून कळते. शिवाय चेंडूंवर मार्करने आकडे लिहायचे आणि येणाऱ्या चेंडूवरचा आकडा ओरडून सांगायचा. मोबाइलवर पट्ट्या ओळखण्याचा खेळ होताच. मुलींना हे सगळे भारी आवडायचे. मण्यांवर नजर झरझर फिरू लागली, आकडे अचूक येऊ लागले, मोबाइलवरचे गुण चढत गेले. मी वहीत ते मांडत राहिलो.

विभागीय स्पर्धेत नागपूरच्या एका पिचरपुढे त्याच मुली उभ्या राहिल्या आणि एकापाठोपाठ एक परत आल्या. एकीला विचारले, ‘चेंडू दिसत नव्हता का?’ ती म्हणाली, ‘बॉल त दिसते जी सर, पन कुठं येईल थे समजत नाई.’ तिच्या उत्तराने दुखणे नेमके कुठे आहे ते सांगून टाकले होते. माझ्या कानात मात्र ते बऱ्याच उशिरा शिरले. परत येऊन मी मण्यांची दोरी आणखी लांब केली.

पुढे ते अभ्यास थंड डोक्याने वाचले, तेव्हा त्यातली फट दिसली. दोन्हीकडे सामन्यांतली तुलना होती ती संघाच्या आदल्या हंगामाशी आणि लीगमधल्या इतर संघांशी. चिठ्ठ्या टाकून खेळाडूंचे दोन गट पाडावेत, एकाला खरा व्यायाम द्यावा आणि दुसऱ्याला नुसता दिखाऊ, तसे काही नव्हते. वर्षभरात पोरे मोठी होतात, ताकद वाढते, प्रशिक्षकाची बडबड डोक्यात मुरते. श्रेय मात्र व्यायामाला जाते. माझ्या वहीतही तेच चालले होते. रिव्हरसाइडच्या व्यायामाचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवर तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली. जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि अभ्यास करणाऱ्यांपैकी एक जण कंपनीचा भागीदार असल्याचे ग्राहकांना सांगितले नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. प्रकरण दीड लाख डॉलरवर मिटले. त्याच्या कितीतरी आधी, २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियात ॲबरनेथी आणि वूड यांनी टेनिसवर प्रयोग केला होता. डोळ्यांचे व्यायाम करणारे लोक, टेनिसविषयी नुसते वाचणाऱ्या आणि टीव्हीवर सामने पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२० मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलपटूंवर चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास आला. त्यात खरा व्यायाम केलेल्यांचे सरावातले फटके लांब गेले. प्रत्यक्ष सामन्यांच्या आकड्यांत मात्र खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. म्हणजे हे सगळेच थोतांड नाही. पण मी त्याला जे माप लावले होते, तेवढे ते मोठेही नाही.

खरी गाठ सुटली ती ताडोब्यात. मोहर्लीकडून सफारीला गेलो होतो. गाडीतले आम्ही सगळे बांबूच्या रांजीत वाघाचा पिवळा पट्टा शोधत होतो. गाइड तिकडे बघतच नव्हता. त्याचे लक्ष उघड्यावर उभ्या एका चितळाच्या मानेकडे होते. मान ताठ, कान पुढे, पुढचा एक पाय उचललेला. ते जिकडे बघत होते तिकडे गाइडने गाडी वळवायला सांगितली आणि थोड्या वेळाने तिथूनच सांबराचा धोक्याचा कॉल आला. त्याचे डोळे माझ्यापेक्षा तेज होते असे मला वाटत नाही. कशाकडे बघायचे, हे त्याला ठाऊक होते, आणि ते त्याला रोज जंगलात फिरून कळले होते.

हाच धागा मला जेनी फिंचच्या गोष्टीत सापडला. या अमेरिकन सॉफ्टबॉल पिचरने २००४च्या एका प्रदर्शनीय सामन्यात अल्बर्ट पुहोल्ससारख्या बेसबॉलच्या दिग्गजाला स्ट्राइकआउट केले. पुहोल्सचे डोळे त्या दिवशी काही अधू झाले नव्हते. बेसबॉलचा पिचर हात खांद्यावरून आणतो, ही कमरेखालून. कोपर, मनगट, बोटांची पकड, चेंडू सुटण्याची जागा, ज्या खुणांवरून तो आधीच अंदाज बांधायचा त्या सगळ्या गायब होत्या. आणि अंदाजाशिवाय गत्यंतर नसते, कारण १९८४ मध्येच प्रयोगातून दिसले होते की व्यावसायिक खेळाडूची नजरसुद्धा शेवटचे पाच-साडेपाच फूट चेंडूच्या मागे पडते. आपल्या क्रिकेटपटू पतौडींनी तर १९६१च्या अपघातात उजव्या डोळ्याची नजर गमावल्यावरही १९६४ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा काढल्या.

मग डोळे महत्त्वाचे नाहीतच का? आहेत, आणि इथेच माझे दुसरे मत बदलले. ‘जंगलातल्या पोरांची नजर उपजतच तेज,’ हे वाक्य मी कौतुकाने कितीदा बोललो असेन. गडचिरोलीतल्या शाळेत एक मुलगी नेहमी उशिरा बॅट फिरवायची. ‘बॉल लय उशिरा दिसते जी,’ म्हणायची. मी तिला दोरीवर बसवली. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले आणि तक्त्यावरच्या मधल्या ओळीसुद्धा तिला वाचता येत नाहीत, असे निघाले. तिला चष्म्याची गरज होती आणि मी तिला मणी दाखवत होतो. चष्मा लागल्यावर ती काही रातोरात मोठी हिटर झाली नाही. पण फळ्यावरचे दिसू लागले आणि बॅट वेळेवर फिरू लागली. जंगलातल्या पोरांबद्दलचे ते कौतुक मी तेव्हापासून बंद केले.

आता नवीन मुलगी संघात आली की आधी तिची नजर तपासून घेतो. त्यात काही निघाले तर पालकांना बोलावून सांगतो. मग तिला हातात बॅट न देता प्लेटजवळ उभी करतो. समोरून खरीखुरी पिचर चेंडू टाकते आणि चेंडू हातातून सुटताच हिने ओरडायचे, ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’. नजर ठेवायची पिचरच्या कमरेजवळून जाणाऱ्या मनगटावर. सुरुवातीला बहुतेक अंदाज चुकतात, मग हळूहळू जमू लागतात. मण्यांची दोरी सरावाआधी पाच मिनिटे चालते, कारण मुलींना ती आवडते. तिच्याकडून मी आणखी काही मागत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात आली, ती आधीच यायला हवी होती. आमच्या मुली वर्षभर माझे सोपे, हळू, हातचे राखून टाकलेले चेंडू मारत होत्या आणि विभागात त्यांना पहिल्यांदाच जोरात हात फिरवणारी पिचर भेटत होती. डोळ्यांनी जे कधी पाहिलेच नाही, ते ओळखायचे तरी कसे? आमच्याकडे वानवा होती ती पिचरची. म्हणून हल्ली सरावाचा मोठा भाग मी पिचर घडवण्यात घालतो. सरावासाठी चार पैसे मिळाले तर ते जास्तीच्या चेंडूंवर आणि कॅचरच्या चांगल्या मास्कवर जातात. माझ्यासारखाच नाद लागलेला एखादा तरुण शिक्षक ॲपबद्दल विचारतो, तेव्हा मी त्याला उलट एवढेच विचारतो, की तुझ्या मुलींना रोज अवघड चेंडू टाकणारे शाळेत कोण आहे?