बाळाच्या नावाची पाटी

बाळाच्या नावावरून झालेल्या एका वादाची हकीकत संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. योहान बाप्तिस्त्याच्या जन्मोत्सवाला, २४ जून रोजी, ती आपण दर वर्षी चर्चमध्ये ऐकतो. बाळाची आई एलिझाबेथ नाव सांगते. पण जमलेले शेजारी आणि नातलग ते मानावयास तयार होत नाहीत, कारण त्या नावाचे त्यांच्या कुळात कोणीच नसते. मग ते आईला बाजूस सारून मुक्या झालेल्या बापाला खुणा करून विचारतात. जखऱ्या पाटी मागवून घेतो आणि आईने सांगितलेलेच नाव तिच्यावर लिहितो. त्या काळी टिपणासाठी मेण थापलेल्या लाकडी पाट्या वापरीत. तेव्हा तान्ह्या मुलाचे नाव लाकडावर उमटविण्याची रीत काही आजची नव्हे. जखऱ्याची पाटी वाद मिटविण्यासाठी होती. आजची शोभेसाठी असते, एवढाच काय तो फरक, असे कोणी म्हणेल. पण शोभेच्या पाटीलाही वाद चुकत नाहीत.

अक्कलकुवा हे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले तालुक्याचे गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. आमच्या पिढीतील कित्येक वाचकांच्या मनात अक्कलकुवा अजून धुळे जिल्ह्यातच असेल. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने पश्चिमेस निघाले की थोड्याच वेळात गुजरातची हद्द लागते. माणसे मात्र तेथे थांबत नाहीत. इकडचे वसावे तिकडे वसावा होतात. सोयरिकी दोन्हीकडे असतात, आणि याहामोगी मातेच्या देवमोगऱ्याच्या यात्रेला दोन्हीकडची माणसे एकाच वाटेने चालतात. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यानंतर मी येथे राहतो. हाताची सवय मोडू नये म्हणून थोडेफार लाकूडकामही करतो.

माझ्या शेजारी एक परिचारिका राहते. तिचे सासर येथले, माहेर हद्दीपलीकडे सागबारा तालुक्यात. २०२४ च्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली, ती दिवस भरण्याच्या आधीच. वजन भरले एक किलो आठशे ग्रॅम. अडीच किलोंहून कमी वजनाचे मूल नाजूक समजतात, मग ह्या मुलीविषयी काय सांगावे! बाळ नवजात शिशू कक्षात होते, तेव्हाच आईने नवऱ्याबरोबर माझ्याकडे चिठ्ठी पाठविली. तिच्यात नाव लिहिले होते आणि खाली दोन ओळी होत्या: ‘सर, हे नाव लाकडात करा. झोळीसमोर लावायचं आहे.’

त्याच संध्याकाळी तिच्या सासूबाई आल्या. ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि हळूच म्हणाल्या, “नाव आत्ताच नका करू, सर. आधी पोर वजन धरू दे.”

ह्याला केवळ अंधश्रद्धा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ह्या पट्ट्यात ज्या बाईने साठ पावसाळे पाहिले, तिने किती झोळ्या रिकाम्या होताना पाहिल्या असतील, त्याचा हिशेब आपण करीत नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ ह्या अहवालात दाखवून दिले होते की, महाराष्ट्रात प्रत्यक्ष होणारे कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदींत येतच नाहीत. नाव ठेवण्याआधीच गेलेले मूल कागदावरून किती सहज निसटत असेल! कायदा मात्र येथे आजीइतकाच धीराचा आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. नाव नंतर घातले तरी चालते. बारा महिन्यांपर्यंत त्याला शुल्क नाही, आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ते घालता येते. जन्म आधी, नाव मागाहून.

माझ्यापुढे दोघींचे शब्द होते. आईचा शब्द मोडवत नव्हता आणि आजीचाही. वाट दाखविली ती आपल्या लिपीने. जुन्या मोडी कागदांत लेखक प्रथम पानभर आडवी रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. मीही तेच करावयाचे ठरविले. रेघ करावयास कोणाची हरकत नव्हती. रेघ म्हणजे काही नाव नव्हे.

लाकूड जुनेच घेतले. जंगलातील साग परवान्यावाचून तोडता येत नाही. वखारीतून पावतीने घ्यावा, नाहीतर मोडलेल्या घराचा वापरावा. मला एका जुन्या खिडकीच्या चौकटीचा तुकडा मिळाला. त्यातून दीड फूट लांबीची, सहा सूत रुंदीची पट्टी रंध्याने काढून ठेवली. मुलगी तिकडे आईच्या उघड्या छातीशी बांधलेली, इकडे माझ्या बाकावर बिनअक्षरांची शिरोरेघ. पुढचे काही आठवडे ती तशीच पडून होती. त्या अवधीत येथल्या एका मिस्त्रींशी पुष्कळ बोलणे झाले. ते येथे सांगतो, कारण असे नाव करावयाचे कोणाच्या मनात असेल तर त्याला उपयोग होईल.

रोमन लिपीतील नाव लाकडात कापले की अक्षरे सुटी होतात. ती एकेक चिकटवावी लागतात. आपली अक्षरे रेघेला लटकलेली असतात, त्यामुळे सबंध नाव एका फळीतून अखंड कापता येईल असे प्रथम वाटते. मिस्त्रींनी कागदावरचा नकाशा पाहिला आणि मान हलविली. लाकडाचे तंतू एकाच दिशेने जातात. रेघ तंतूंच्या दिशेने ठेवली तर ती बळकट होते, पण काना तंतूंना आडवा पडतो आणि बोटाच्या टिचकीने तुटतो. फळी उभी धरली तर काने टिकतात आणि रेघ मोडते. “अक्षरं उभ्या लाकडाची करा, रेघ आडव्या लाकडाची,” मिस्त्री म्हणाले. अक्षरांच्या माथ्याला मागून खाच घ्यावयाची, रेघेची पट्टी तीत बसवावयाची आणि सरस लावून रात्रभर शिकंजात आवळून ठेवावयाचे. अक्षरांसाठी त्यांनीच शिवणीची चार सुती फळी काढून दिली. शिवण हलकी, फिकट रंगाची, आणि हवेतील फरकाने फारशी वाकत नाही. सागाच्या गडद रेघेखाली ती उठूनही दिसते.

नवरात्र बसण्याच्या सुमारास आशाताईच्या काट्यावर मुलगी अडीच किलोंच्या पुढे गेली. तोवर मायलेकी घरी आल्या होत्या. सासूबाई स्वतः मला सांगावयास आल्या. नावाचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. मी पेन्सिल घेऊन बाळाच्या घरी गेलो.

तेथे जखऱ्याच्या दारचा प्रसंग माझी वाट पाहत होता. नाव तीन अक्षरांचे. एक काना, एक वेलांटी आणि मधल्या अक्षरावर अनुस्वार. (घरच्यांच्या इच्छेस मान देऊन ते मी येथे लिहीत नाही.) हे नाव आईच्या बोलीतले, तिच्या आजीला त्याच नावाने हाक मारीत. घरात आलेल्या एका शिकलेल्या नातलगांना ते रुचले नव्हते. त्यांचे म्हणणे, अनुस्वार काढून शेवटच्या अक्षरात किंचित बदल केला की चांगले संस्कृत नाव होते. पुढे शाळेत मुलीला कोणी हसणार नाही. त्यांची कळकळ खोटी नव्हती. ज्यांच्या नावांना वर्गात हसू फुटले, तीच माणसे बहुधा असे बोलतात. सगळे बापाकडे पाहू लागले. तो बिचारा झोळीला झोका देत राहिला. आई आतून म्हणाली, “वरचं टिंब राहू द्या, सर. नाकात बोलल्याशिवाय ते नाव होत नाही.” कोणी काही बोलले नाही. मी पाट्यावर कागद ठेवून तेथेच अक्षरे काढली.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लावतात. ही मुलगी त्या तारखेनंतरची. तिच्या नावाशेजारीच तिच्या आईचे नाव येणार, हे मला त्या दिवशी फार शोभून दिसले.

त्या टिंबाने मात्र मला पुष्कळ राबविले. अनुस्वार कशालाच चिकटलेला नसतो. मिस्त्रींनी बांबूची बारीक खुंटी करून तो रेघेवर उभा केला. आई परिचारिका, तिने पाहताच विचारले, हे निघून मुलीच्या तोंडात गेले तर? सव्वा इंचाहून लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये, असा नियम खेळण्यांना लावतात. म्हणून टिंब दीड इंचाचे केले. जरा मोठेच दिसते. पण ह्या नावात ते मोठे दिसावयासच हवे. कडा कानशीने आणि मग काचकागदाने गोल केल्या. रंग दिला नाही. शोभेच्या रंगांत शिसे दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण घरोघरी पडलेल्या जुन्या डब्यांना तो कोण सांगणार? रंगाच्या दुकानातील अळशीचे बेलतेलही टाळले. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे तीन हात दिले. औषधाच्या गोळ्यांवरही लाखेचे आवरण देतात, तेव्हा मुलीने चाटले तरी चिंता नाही.

शहरात बाळाची वेगळी खोली असते. येथे आढ्याला टांगलेली लुगड्याची झोळी, तिच्याखाली कोंबड्या, शेजारी धान्याची कणगी. नाव झोळीच्या वर न लावता समोरच्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर लावले. लाकूड कितीही हलके असले तरी तान्ह्या मुलाच्या डोक्यावर ते नको.

लावताना मुलीचे मामा सागबाऱ्याहून आले होते. ते गुजराती शाळेत शिकलेले. त्यांनी नाव अक्षर अक्षर लावून वाचले आणि हसून म्हणाले, “आमच्याकडे ही वरची दांडी नसते. आमचं नाव कसं टांगणार?” गुजराती अक्षरे देवनागरीच्याच घराण्यातली, पण त्यांनी शिरोरेघ टाकून दिली आहे. अखंड नाव कापणे तेथे शक्यच नाही. मी शिवणीच्या उरलेल्या फळीवर मामांकडून नाव लिहून घेतले आणि पटाशीने आत खोदले. खोदलेली अक्षरे सुटून पडत नाहीत. टिंब तेथेही आहे, लाकडात उतरलेले, गिरमिटाच्या एका फेऱ्याएवढे.

सासूबाईंना वाचता येत नाही. दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्यावर त्यांनी विचारले की, ह्यात आपल्या पोरीचे नाव कुठले? सुनेने सांगितले, दोन्ही. त्यांनी आधी एकीवरचे टिंब चाचपले, मग दुसरीवरचे. मराठी पाटी भिंतीवर राहिली. गुजराती पाटी मामांनी फडक्यात गुंडाळून सागबाऱ्याला नेली. मुलगी तिकडे जाईल तेव्हा तिच्याआधी ती तेथे असावी, असे त्यांचे म्हणणे.