वाट काढणारी पोरे

शहाण्या माणसांनी आशेला फार नावे ठेवली आहेत. कुणी तिला वेडी म्हणतो, कुणी खोटी. पण सी. आर. स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केलेली तिची फोड वाचली आणि मला आमचा मोखाडाच आठवला. त्याच्या मते आशा म्हणजे नुसती इच्छा नव्हे; एक वाट बंद झाली तर दुसरी शोधण्याची तयारीही तीत असते. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहू लागला की आमची पोरे दुसरे काय करतात?

पुढे फ्रेड लुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ सालच्या पुस्तकात या आशेच्या शेजारी आत्मविश्वास, आशावाद आणि चिवटपणा ही भावंडे बसवली व त्या सगळ्यांना मिळून मनाचे भांडवल म्हटले. (भांडवल हा शब्द आमच्या तालुक्यात जरा जपूनच उच्चारावा!) विचार मूळचा कचेऱ्या-कारखान्यांतला, नंतर तो कॉलेजात आला. हे भांडवल असले की अभ्यासात मन लागते आणि मन लागले की यश येते, अशी ही साखळी.

मन लागणे म्हणजे काय, ते मी माझ्या ओटीवर पाहिले आहे. इथल्या रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे वाचायला येते. इतिहास म्हटले की हिला जांभई! पण १९४८ साली विलीन झालेल्या जव्हारच्या मुकणे संस्थानाचा विषय निघाला, आणि बाई दिवा लागला तरी उठेनात.

चिवटपणाचे कौतुक मात्र मी बेताने करतो. पोरे चिवट आहेत, मग वसतिगृह कशाला, असे उद्या कुणी म्हणायचा!

परवा तिचे वडील आले होते. वरई-नाचणी घरात आली की दिवाळीनंतर सारे घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते. उचल घेऊन झाली होती.

"बा, तुम्ही व्हा पुढं. मी आजीपाशी राहते. पेपर झाले की येते," ती म्हणाली.

"आजीला नाही झेपलं तर?"

"तर मैत्रिणीकडं. तिच्या आईला विचारलंय."

"आणि भट्टीवर दोन हात कमी पडतील, त्याचं?"

याला तिच्यापाशी उत्तर नव्हते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "पेपर किती?"

"सहा."

तो बोटांवर दिवस मोजू लागला.