न आलेल्यांची यादी

रक्तदाब मोजायला एक मिनिट पुरतं, असं ज्याला वाटतं त्याने तो कधी नीट मोजलेला नसतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माणसं घाटी चढून येतात, एसटीत उभ्याने येतात. आल्या आल्या दंडाला पट्टा बांधला तर त्या चढणीचाच आकडा हाती येतो. म्हणून पाच मिनिटं बाकावर बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. लघवीला जाऊन आलात का, चहा कधी घेतला, हे विचारायचं. बायकांना आणखी एक प्रश्न असतो: मशेरी कधी लावली? इथे कित्येक घरांत ती सकाळ-दुपार हिरड्यांना लागते, आणि नंतर लगेच मोजलं तर आकडा चढलेला दिसतो. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली की तीच दंड आवळते, त्यामुळे आडोसा करून हात बाहेर काढायला लावते. भरल्या दंडाला लहान पट्टा बांधला तरी दाब खोटा वाढतो. मोठा पट्टा मी वारंवार मागणी करून मिळवला, आणि तो कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवते.

सगळ्यात कठीण म्हणजे गप्प बसवणं. महिन्याने आलेल्या माणसाकडे सांगायला खूप असतं: काजूचा मोहोर जळला, सुनेला दिवस गेले. मोजताना बोललं तर वरचा आकडा दहाने सहज वाढतो. “आधी मोजू, मग सगळं ऐकते,” एवढं सांगते, आणि मग खरोखर ऐकते. तो शब्द एकदा मोडला तर पुढच्या वेळी ते माणूस मोजतानाच बोलणार.

परिचारिकेने घेतलेला दाब डॉक्टरांनी घेतलेल्यापेक्षा कमी येतो, याचं मला पूर्वी नवल वाटे. मिलानच्या संशोधकांनी 1980च्या दशकात रुग्णांच्या धमनीत बारीक नळी बसवून दाबाची सतत नोंद घेतली होती. डॉक्टर खाटेजवळ आले की दाब उसळे. परिचारिका आली की बराच कमी वाढे. म्हणजे आमच्या हातचा आकडा पुष्कळदा माणसाच्या रोजच्या दाबाच्या अधिक जवळचा असतो. मात्र तो नीट घेतलेला हवा.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो देशव्यापी उपक्रम 2017च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. त्यातली कल्पना साधी आणि मला फार मोलाची वाटते. मोजकी, स्वस्त औषधं, सगळ्यांसाठी एकच ठरलेला क्रम, घराजवळ मिळणारी गोळी, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. बहुतेकांची सुरुवात अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमने होते. दाब 140/90च्या खाली आला नाही तर पुढची पायरी. आकड्यांचं यंत्र आल्यापासून 138, 144 असे खरे आकडे कागदावर येऊ लागले. पाऱ्याच्या काळात शेवटी शून्य लिहायची सवय फार होती, आणि 144 चे 140 झाले की माणूस कागदावर जवळजवळ बरा होऊन जाई.

पण गोळी देणं हे या कामातलं सोपं टोक आहे. “बाय, माका कायच होणा नाय, मगे गोळी कित्याक खाव?” हा प्रश्न रोजचा, आणि प्रामाणिक. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, अशा आजारासाठी जन्मभर गोळी घ्यायची, हे पटायला जड जाणारच. मी घाबरवत नाही. वाडीत लकव्याने पडलेलं कोणीतरी असतंच. मी नाव घेत नाही, समोरचं माणूसच घेतं. मग वरचा आकडा दहाने उतरला तर लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने कमी होतो, एवढंच सांगते.

गोळी बंद केली, हे आपणहून कोणी सांगत नाही. पाय बघावे लागतात. अम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, आणि मग म्हातारी माणसं ती गुपचूप सोडतात. “पाय जड वाटतत?” असं विचारलं की पिशवीतून न फोडलेली पाकिटं बाहेर येतात. त्याच पिशवीत बऱ्याचदा गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही सापडतात. त्यातल्या पुष्कळ दाब वाढवतात आणि दाबाच्या काही गोळ्यांचं काम बिघडवतात. पिशवी टेबलावर रिकामी करायला लावल्याशिवाय हे कळत नाही.

मिठाचंही तसंच. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हे फलकावर लिहायला ठीक. इथे जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताटात खारा बांगडा, मिठाच्या पाण्यातली तोरं, पेजेबरोबर लोणचं असतं. पावसात दुसरं आहे काय? सुकी मासळी सोडा म्हणणाऱ्या सिस्टरकडे पुन्हा कोणी येत नाही. बांगडा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी ओता, आमटीत वेगळं मीठ घालू नका, पेजेबरोबर एका वेळी एकच खारट जिन्नस घ्या, इतकं ऐकलं जातं. एवढं तरी ऐकलं जातं, याचा मला आनंद आहे.

माझ्या कामाचा गाभा मात्र आलेल्यांत नाही, न आलेल्यांत आहे. रांगेत जो उभा आहे तो निम्मा सुधारलेलाच असतो. महिनाअखेरीला मी ज्यांची तारीख उलटली त्यांची यादी काढते, तेव्हा या गावाचा खरा रक्तदाब दिसतो. कोणी लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली आहे. कोणी आंब्याच्या हंगामात बागेतून हलू शकत नाही. कोणाच्या वाडीचा साकव पाण्याखाली आहे. एखाद्याला मागच्या खेपेला गोळ्या न घेता परत जावं लागलं, आणि तो चिडला आहे. औषधाचा साठा संपणं हे मी सगळ्यात मोठं नुकसान मानते, कारण एका हेलपाट्यात कमावलेला विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला आशाताईंना चार वेळा त्याच्या अंगणात जावं लागतं. फोन मी करते, घरी आशाताई जातात. त्या कधी रागावत नाहीत, हे मी त्यांच्याकडून शिकले. ज्यांचा दाब ताब्यात आहे त्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, मुंबईला जाणाऱ्यांना तर नक्कीच. गणपतीनंतर चाकरमान्यांबरोबर कोणाचे आईवडील गेले, हे विचारून ठेवावं.

एक गोष्ट अजून अडते. नीट बसवून दोनदा मोजलं, दोन्ही वेळा 156 आलं, गोळी नियमित आहे, पाय-पिशवी तपासून झाली. तरी डॉक्टर त्या दिवशी बैठकीला गेलेले असले तर ती बाई तीच गोळी घेऊन घरी जाते आणि आणखी एक महिना वाढलेल्या दाबाने काढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की प्रशिक्षण, औषध लिहून देण्याचा अधिकार, ठरलेला क्रम आणि डॉक्टरांची देखरेख असेल तर परिचारिका हे उपचार देऊ शकते. गरोदरपण, मूत्रपिंडाचा विकार, छातीतली कळ असली तर डॉक्टरांशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे आम्हाला पाठ आहे. बाकीच्यांसाठी दुसरी पायरी चढवायची लेखी मुभा आम्हाला मिळायला हवी. डॉक्टरांनी आठवड्याला आमच्या नोंदी तपासाव्यात, चूक दिसली तर फोन करावा. त्या बाईचा पुढचा महिना तरी वाया जाणार नाही.